तुलाची दुनळी आणि छत्रीवाले आजोबा

रशियातलं तुला हे शहर मॉस्कोपासून जेमतेम दोनशे किलोमीटर, कुर्स्की स्टेशनवरून सकाळची ट्रेन पकडली की दोन-अडीच तासात पोचतो आपण. लोक इथे समोवार (चहाचं पाणी उकळायचं भांडं) आणि प्र्यानिकसाठी (मसालेदार गोड केक) येतात, मी बंदुकांसाठी गेलो. 1712 साली पीटर द ग्रेटच्या हुकमाने इथे सरकारी बंदूक कारखाना निघाला, तेव्हापासून गावाचा धंदा हाच. इथल्या शस्त्रांच्या म्युझियमची नवी बिल्डिंग 2012 ची, जुन्या रशियन योद्ध्याच्या शिरस्त्राणाच्या आकाराची, लांबून जरा विचित्रच दिसते, पण असो.

रणगाड्यांपाशी पोरांची ही झुंबड आणि शिकारी बंदुकांच्या काचेपाशी चिटपाखरू नाही, माझ्या पथ्यावरच पडलं. तोझ-34 (तोझ म्हणजे तुलाच्या बंदूक कारखान्याचं लघुनाव) ही तुलाची सोव्हिएत काळातली गाजलेली बारा बोअर, नळ्या शेजारी-शेजारी नाहीत, एकावर एक. वाकून बघितलं तर दोन नळ्यांच्या मधून चक्क आरपार दिसतं! मागे आणि तोंडाशी तेवढ्या जोडल्यात, मधे पट्टी भरलेलीच नाही, वजन तेवढंच वाचलं. नळ्यांना आतून क्रोमचा मुलामा, कारण दिवसभर दलदलीत बदकांमागे फिरलेला माणूस रात्री बंदूक पुसेलच याची काय गॅरंटी.

चाप दोन आहेत, ते का हे मला तिथल्या एका आजोबांनी समजावलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, माझं रशियन स्पासिबाच्या, म्हणजे धन्यवादच्या, पुढे जात नाही, पण त्यांनी छत्री खांद्याला लावली आणि झालं. पुढचा चाप म्हणजे खालची नळी, तिचं तोंड कमी आवळलेलं, छर्रे लवकर फाकतात, पायाजवळून उडालेल्या पक्ष्यासाठी. तो लांब गेला की मागचा चाप, वरची जास्त आवळलेली नळी. मुळातच लांबून उडाला तर थेट मागचाच ओढायचा, शोधाशोध नाही. एकच चाप असलेल्या फॅन्सी बंदुकांपेक्षा मला तरी हे जास्त पटलं.

आजोबांचं मन मात्र 34 वर नव्हतंच. बाजूच्या तोझ-66 वर बोट ठेवून त्यांनी अंगठा वर केला. ही जुन्या घराण्यातली, 1902 च्या मॉडेल बी पासून चालत आलेली, नळ्या शेजारी-शेजारी आणि घोडे, म्हणजे चाप ओढल्यावर पडून बार उडवणारे हातोडे, बाहेर, अंगठ्याने मागे ओढायचे. 34 चे घोडे आत, काडतूस भरायला बंदूक मधून उघडली की आपोआप चढतात. सोव्हिएत कारखान्याने दोन्ही बनवल्या, कारण बाहेरचा घोडा चढलाय की नाही ते नुसतं बघून कळतं, आणि आजोबांसारखी गिऱ्हाईकं काय ऐकणारेत थोडीच.