मांडीची कातडी नाकावर नाही मॅच होत (माझा अनुभव)

दोन वर्षांपूर्वी गाडीवरून पडले, हेल्मेट होतं पण ते अर्धवालं, नाकाचा शेंडा आणि डावी नाकपुडी डांबरावर घासून गेली. जिथे आधी नेलं तिथे मांडीची पातळ कातडी काढून लावली. जखम भरली, पण तीन-चार महिन्यांत तो तुकडा काळपट पडून आक्रसला, गव्हाळ तोंडावर मधोमध ठिगळ! कन्सीलर लावला तर दुपारपर्यंत राखाडी दिसायचं.

मग दुसऱ्या सर्जन मॅडमकडे गेले. त्यांनी ट्यूब बंद करून खिडकीपाशी उभं केलं, कपाळ, कानामागे, मान सगळं नाकाशी ताडून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, कॉलरबोनच्या वरचीच कातडी चेहऱ्याला रंगात जुळते, खालची नाही. आणि पातळ ग्राफ्ट, म्हणजे काढून लावलेली कातडी, आपल्या रंगाच्या लोकांत जास्तच काळा पडतो." खड्डा उथळ असता तर कानामागची पूर्ण जाडीची कातडी चालली असती, पण माझं आतलं कार्टिलेजही (कुर्चा, मऊ हाड) गेलेलं, म्हणून ते कानातून घ्यायचं आणि वरून कपाळाचा फ्लॅप, म्हणजे एका टोकाला जोडलेलीच ठेवून नाकावर वळवलेली कातडी.

मॅडमनी टाक्याच्या दोऱ्याच्या पाकिटाचा चांदीसारखा कागद नाकावर दाबून माप घेतलं आणि तेच कपाळावर ठेवून आखलं. १७९४ साली लंडनच्या जंटलमन्स मॅगझीनमध्ये कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचं असंच ऑपरेशन छापून आलेलं म्हणे, टिपूच्या लोकांनी त्याचं नाक कापलेलं, आणि पुण्याकडच्या एका वीटवाल्याने मेणाचं माप घेऊन कपाळाच्या कातडीचं नवं नाक केलं. मला तेव्हा हे ऐकायचा मूड नव्हता खरं तर.

दोन ऑपरेशनच्या मधले तीन आठवडे वाईट. भुवईपासून नाकापर्यंत कातडीची सोंड, कारण रक्त तिच्यातूनच येतं, चष्मा घालता येईना, सासूबाई जेवताना समोर बसायच्या नाहीत. नाकाला काही लागलं की कपाळाला लागल्यासारखं वाटायचं! मग दुसऱ्या ऑपरेशनला ती सोंड कापली. सुरुवातीला नाक जांभळट आणि सुजलेलं, मी तर रडलेच, पण सूज उतरायला आणि रंग बसायला महिने गेले, रोज सनस्क्रीन, सिलिकॉन जेल, उन्हात टोपी.

आता पार्लरवाली विचारते, ताई कपाळाला काय लागलंय? नाकाचं अजून एकदाही नाही विचारलं तिने.