कापलेली वायर

आज धाकट्या भावाची दुचाकी घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो होतो. दोन तक्रारी होत्या. पुढच्या फोर्कचं, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या शॉकअपचं, ऑइल सील गळत होतं आणि हेडलाइट मध्येच बंद पडत होता. गाडीला अजून दोन वर्षंही झालेली नाहीत.

सील वॉरंटीत बदलून मिळालं. वायरिंगला मात्र नकार. मेकॅनिकने हेडलाइट उघडून दाखवलं, कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग, वितळून काळा पडला होता. पावसाळ्यात कसारा घाटातल्या धुक्यासाठी भावाने बाहेरून ४० वॉटचे दोन फॉगलाइट बसवले होते. बसवणाऱ्याने हेडलाइटची वायर सोलून त्यातूनच जोड दिला. ना रिले (जास्त करंट वेगळ्या वायरने नेणारा स्विच), ना वेगळा फ्यूज. ८० वॉट म्हणजे १२ व्होल्टवर साडेसहा अँपियरहून जास्त करंट, तोही मूळ हेडलाइटच्या वर! ती बारीक वायर किती सोसणार?

भाऊ घाबरला होता, त्याला वाटलं सगळीच वॉरंटी गेली. तसं नाही. इंजिनची शाबूत आहे. जॉब कार्डवर नकाराचं कारण मी लिहूनच घेतलं.

हार्नेसचा, म्हणजे वायरिंगच्या जुडग्याचा, खर्च आता आमच्याच खिशातून. पण घाटात, रात्री, तो लाइट गेला असता तर? संध्याकाळपासून तेच डोक्यात आहे.