तिसऱ्या दिवसाची तयारी : पहिल्या लांब पायी वाटेला निघण्याआधी

लांब पल्ल्याच्या वाटेवर पहिला दिवस उत्साहात सरतो आणि दुसरा दिवस त्याच उत्साहाच्या शिल्लकीवर. खरी परीक्षा तिसऱ्या सकाळी. सवयीपेक्षा जास्त चाललं की स्नायूंचं दुखणं लगेच जाणवत नाही, ते एक ते तीन दिवसांनी शिगेला पोहोचतं. पहिल्या दुपारी टाचेवर नुसती चुरचुरणारी जागा तोवर फोड होऊन बसलेली असते. सॅकचा पट्टा जिथे रुतत होता तिथे आता हात लावला तरी दुखतं. म्हणून तयारीतली प्रत्येक गोष्ट मी एकाच प्रश्नावर घासून बघतो : तिसऱ्या सकाळी बूट पायात सहज जातील का, आणि सॅक पाठीवर घ्यावीशी वाटेल का?

सुरुवात पायांपासून. दिवसभर चालून पाऊल सुजतं, पसरतं, म्हणून रोजच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा बूट घ्यावा. खरेदीला संध्याकाळी जावं, वाटेवर घालायचे तेच मोजे घालून. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी आणि ती उतारावर उभं राहून तपासायची. तिथे बोटं पुढे टेकली तर लांब उतरणीला नखं काळी पडणार हे नक्की. टाच मात्र वर उचलली जाता कामा नये. उतारावर पाऊल पुढे सरकत असेल तर नाडी शेवटच्या भोकातून त्याच बाजूला ओवून छोटा फास करावा, दुसऱ्या बाजूची नाडी त्यातून घेऊन ओढावी. टाच जागेवर बसते.

घोट्यापर्यंतचे जाड बूट की हलके बूट, हा वाद न संपणारा आहे. माझं मत स्पष्ट आहे : बर्फ किंवा थंड चिखल नसेल तर हलके, जाळीचे बूट बरे. पायातलं वजन प्रत्येक पावलाला उचलावं लागतं. २० किलोमीटरमध्ये एका पायाची साधारण १४ हजार पावलं होतात. बुटात १०० ग्रॅम जास्त असतील तर त्या एका पायाने दिवसभरात १,४०० किलो जादा उचललं. वॉटरप्रूफ बुटाचंही तसंच. बाहेरचं पाणी तो अडवतो खरा, पण ओढा ओलांडताना वरून आत शिरलेलं पाणी आणि दिवसभराचा घामही तो आतच ठेवतो. जाळीचा बूट भिजतो लवकर, पण चालता चालता सुकतोही लवकर. हलक्या बुटांचं आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर. सोलची नक्षी शाबूत दिसली तरी आतला फोम आधीच दबलेला असतो. सरावात ६०-८० किलोमीटर चाललेला जोड घेऊन निघावं. कोरा नको, म्हाताराही नको.

फोड कसा होतो ते समजलं की तो टाळता येतो. कातडी वरून घासून फोड होतो असा समज आहे. प्रत्यक्षात घामाने ओली झालेली कातडी मोज्याला धरून राहते, आतलं हाड मात्र प्रत्येक पावलाला पुढे-मागे सरकतं. मधल्या थरांना ताण पडून ते आतल्या आत फाटतात आणि त्या फटीत पाणी भरतं. म्हणजे उपाय दोनच, ओल कमी करायची आणि ताण कमी करायचा. सुती मोजे पाणी धरून ठेवतात, ते वर्ज्य. लोकरीचे किंवा सिंथेटिक मोज्यांचे दोन जोड चालायला आणि एक फक्त झोपायला. बोटांच्या मध्ये फोड येणाऱ्यांनी आत प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असलेले पातळ मोजे घालावेत. दर दोन तासांनी बूट-मोजे काढून पाय १० मिनिटं उघडे ठेवावेत आणि मोजे उलटून वाळवावेत.

चुरचुर जाणवली की त्याच क्षणी थांबायचं. पुढच्या वळणावर बघू म्हटलं की फोड झालाच. पाय कोरडा करून टेप लावावा, त्याचे कोपरे गोल कापून, नाहीतर ते मोज्यात अडकून उलटतात. लावलेला टेप रोज काढायचा नाही, त्याबरोबर कातडी निघते. छोटा, न दुखणारा फोड तसाच झाकून ठेवावा. मोठा आणि भार पडणाऱ्या जागी असेल तर जंतुनाशकाने पुसलेल्या सुईने कडेला, खालच्या बाजूने टोचून पाणी काढावं. वरची कातडी काढू नये, तीच उत्तम पट्टी. लाली पसरू लागली, पू दिसला किंवा भोवती गरम लागलं तर चालणं थांबवून डॉक्टर गाठावा. नखं निघण्याच्या चार-पाच दिवस आधी सरळ कापावीत. आदल्या रात्री कापलेल्या नखाची धार शेजारच्या बोटाला लागते.

आता सराव. मी १२ आठवडे धरतो, कारण दम आणि स्नायू दीड-दोन महिन्यांत तयार होतात, पण स्नायुबंध आणि हाडं मागून, सावकाश येतात. सहाव्या आठवड्यात अंगात जोर आल्यासारखा वाटतो आणि माणूस अंतर एकदम दुप्पट करतो. नडगीचं आणि टाचेच्या मागच्या शिरेचं दुखणं बहुतेक इथेच सुरू होतं. आठवड्यातून तीनदा ५-६ किलोमीटर आणि एकदा १० किलोमीटर, एवढ्यावर सुरुवात करावी. पुढे अंतर, चढ आणि ओझं यांतली एका वेळी एकच गोष्ट वाढवावी, आणि दर चौथ्या आठवड्यात सगळं एक तृतीयांशाने कमी करावं. पहिले तीन आठवडे सॅक रिकामी, मग ३ किलो, मग दर पंधरवड्याला साधारण २ किलो जास्त. ओझं म्हणून पाण्याच्या बाटल्या घ्याव्यात. सुरुवातीच्या आठवड्यांत भरल्या बाटल्या घेऊन चढायचं आणि माथ्यावर पाणी ओतून रिकामं उतरायचं, म्हणजे गुडघ्यांना सवय होईपर्यंत सांभाळून घेतलं जातं.

पण उतारापासून कायम पळता येत नाही. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो, उतरताना तो ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. दुखणं येतं ते या दुसऱ्या कामाने. त्यामुळे कितीही जिने चढा, लिफ्टने खाली आलात तर अर्धाच सराव झाला. यातली दिलासा देणारी गोष्ट अशी की, स्नायूला एकदा असा उतार दाखवला की पुढचे काही आठवडे तो तसल्याच उताराला बराच कमी दुखतो. म्हणून निघण्याच्या १०-१४ दिवस आधी एक मोठी उतरण, सॅकसकट, मुद्दाम करावी. घरी २० सेंटिमीटरच्या पायरीवरून एका पायावर सावकाश खाली उतरणं आणि पायरीच्या कडेवर टाचा वर-खाली करणं, दोन्ही १५-१५ वेळा, तीन फेऱ्या.

शेवटच्या महिन्यात लागोपाठ दोन दिवस चालून बघावं. एकदा तरी सगळं सामान घेऊन रात्र बाहेर काढावी, जमल्यास पावसात. तंबूची दोरी आखूड आहे, हेडटॉर्चचं बटण सॅकमध्ये आपोआप दाबलं जातं, मॅटमधून पहाटेपर्यंत हवा जाते, असल्या गोष्टी त्या एका रात्रीत कळतात. शेवटच्या आठवड्यात फक्त फिरणं, नवं काही नाही.

सामानाबाबत पहिलं साधन म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. प्रत्येक वस्तू तोलून वहीत लिहावी. अन्न, पाणी आणि इंधन सोडून उरतं ते मूळ वजन. उबदार मोसमात, तंबूसकट, ते ७ ते ९ किलोंत बसवणं नवख्यालाही जमतं. सगळं मिळून पाठीवर शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको. कमी करायला सुरुवात सॅक, तंबू आणि स्लीपिंग बॅग या तिघांपासून करावी. टूथब्रशची दांडी कापून काही साधत नाही.

सॅक सर्वांत शेवटी घ्यावी. आधी घेतली की ती भरण्यासाठी वस्तू सुचत राहतात. ४५ ते ५५ लिटर पुरतात. माप उंचीवरून नाही, पाठीवरून : मान वाकवल्यावर वर येणाऱ्या मणक्यापासून कमरेच्या हाडांच्या वरच्या रेषेपर्यंत. घालताना सगळे पट्टे सैल करून आधी कमरेचा पट्टा हाडावर, पोटावर नव्हे, घट्ट बांधावा. मग खांद्याचे ओढावेत, मग खांद्यावरून सॅककडे जाणारे छोटे पट्टे, छातीचा शेवटी. बहुतेक भार कमरेवर यायला हवा. खांदे दुखत असतील तर गडबड बहुधा कमरेच्या पट्ट्यात असते. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्याच्या हाडांच्या मध्ये. बाहेरून घालायच्या रेनकव्हरवर माझा भरवसा नाही, पाठीच्या बाजूने पाणी ओघळून आत येतंच. सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात झोपायचे कपडे, स्लीपिंग बॅग. बाकी भिजलं तरी चालतं.

स्लीपिंग बॅगवर दोन-तीन तापमानं छापलेली असतात. त्यातलं सर्वांत खालचं, ‘एक्स्ट्रीम’, जीव वाचण्याचं आहे, झोप लागण्याचं नाही. निवड ‘कम्फर्ट’च्या आकड्यावर करावी. अंगाखाली दबलेला भराव ऊब धरत नाही, त्यामुळे जमिनीची थंडी मॅटनेच अडवायची. मॅटचा आर-आकडा जितका मोठा तितकी ती उबदार, आणि दोन मॅट एकावर एक घातल्या तर आकड्यांची बेरीज होते.

रोजचा पल्ला ठरवायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली दिलेला हिशोब अजून कामी येतो : सपाटीवर ताशी सुमारे ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. नवख्याने सॅकसकट ताशी ४ धरावेत. १८ किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर चढ असेल तर साडेचार अधिक दीड, म्हणजे सहा तास. त्यात विश्रांतीचा दीड तास मिळवा. हा आकडा सूर्यास्ताशी ताडून बघितल्याशिवाय मुक्काम पक्का करू नये. ३,००० मीटरच्या वर गणित बदलतं. तिथे झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा.

पाणी ताशी अर्धा लिटर, उन्हात त्याहून जास्त. एक लिटर म्हणजे एक किलो, तेव्हा नकाशावर पुढचं पाणी कुठे आहे ते बघून तेवढंच भरावं. उकळायचं तर खळखळून एक मिनिट, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. पोकळ धाग्यांचा फिल्टर एकदा वापरल्यावर गोठला तर धागे फुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. थंडीच्या रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपावं. घाम खूप जात असताना नुसतंच पाणी पीत राहिल्याने रक्तातलं मीठ पातळ होतं, सोबत खारट काही खावं. कोरडं अन्न दिवसाला ७०० ते ८०० ग्रॅम पुरतं, मात्र दर १०० ग्रॅमला किमान ४०० कॅलरी देणारं. सुकामेवा आणि तेल यात सर्वांत पुढे. पहिले दोन-तीन दिवस भूक मंदावते, तेव्हा सुरुवातीच्या टप्प्याला थोडं कमीच न्यावं.

फोनमध्ये नकाशे आधीच उतरवून ठेवावेत आणि तो एअरप्लेन मोडवर ठेवावा. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून फोनला प्रत्यक्षात ६,०००-६,५००च मिळतात. कागदी नकाशा वेगळा, पिशवीत गुंडाळून. शौचासाठी पाणी, वाट आणि मुक्कामापासून ६० मीटर दूर, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा. घरच्या एका माणसाकडे मुक्कामांची यादी द्यावी आणि त्याखाली एकच ठळक ओळ लिहावी : अमुक तारखेला अमुक वाजेपर्यंत निरोप आला नाही तर शोध सुरू करायचा, आणि तो कोणत्या क्रमांकावर.

मग वाट सुरू होते. पहिल्या दिवशी १२ ते १५ किलोमीटर, पाय पुढे जाऊ म्हणत असले तरी. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, तोच वेग. पहिल्या अर्ध्या तासात एकदा थांबून नाड्या आणि पट्टे पुन्हा बांधावेत, कारण तोवर सामान बसलेलं असतं. काठ्यांची लांबी कोपर काटकोनात येईल इतकी, लांब उतरणीला ५-१० सेंटिमीटर जास्त. दुसऱ्या दिवशीही तेवढंच अंतर. तिसऱ्या सकाळी उठल्यावर आधी पाय बघायचे, बोटांच्या मधल्या जागांसकट, मग नकाशा उघडायचा. मांड्या दुखत असतील तर पहिले दोन किलोमीटर सावकाश चालून त्या सुटतात. दुखणं एकाच गुडघ्यात किंवा हाडावर एकाच बिंदूत टोचत असेल आणि चालताना वाढत असेल, तर तो दिवस तिथेच, तंबूत.