कॅम्पिंगची वही, सातवी खेप: लासेनला आईसोबत तीन रात्री

गेल्या वर्षी दुसऱ्या रात्री दीडच्या सुमारास आई तंबूतून उठली आणि गाडीत जाऊन झोपली. पाठ गारठली होती, गुडघे आखडले होते, तरी तिनं कुणाला हाक मारली नाही. सकाळी सीट मागे सरकवून शाल गुंडाळून बसलेली दिसली, तेव्हाच ठरवलं की पुढच्या खेपेला बाकी काही सुधारलं नाही तरी चालेल, पण आई तंबूत सलग झोपली पाहिजे. त्यामुळे या वेळच्या नोंदी बऱ्याचशा अंथरुणाच्या आणि कुकरच्या आहेत.

२४ ते २७ जुलै २०२५. उत्तर कॅलिफोर्नियातलं लासेन व्होल्कॅनिक नॅशनल पार्क, मॅन्झनिटा लेकचं कॅम्पग्राउंड, उंची सुमारे ५,९०० फूट. आम्ही चौघं, वाईहून आलेली आई, आणि मैत्रिणीचं चौघांचं कुटुंब. सर्वांत लहान मूल सहा वर्षांचं, आई एकाहत्तरची. फ्रीमॉन्टहून रेडिंगपर्यंत हायवे, पुढे ४४ नंबरचा घाटरस्ता. शेजारशेजारच्या दोन जागा फेब्रुवारीतच घेऊन ठेवल्या होत्या.

आधी अंथरूण. गेल्या वर्षी आईखाली साधी हवेची गादी होती आणि वर दोन ब्लँकेटं. चूक वरच्या पांघरुणाची नव्हतीच. गादीच्या आतली हवा फिरत राहते आणि अंगाची ऊब खाली जमिनीला देऊन टाकते. स्लीपिंग बॅगचा पाठीखाली दबलेला भागही काही कामाचा राहत नाही, कारण ऊब धरणारी फुगलेली हवाच त्यातून निघून गेलेली असते. मॅटवर जो आर-व्हॅल्यूचा, म्हणजे मॅट अंगाची ऊब खाली जाण्यापासून किती अडवते याचा, आकडा छापलेला असतो, तो याचसाठी पाहायचा. दोन मॅट एकावर एक टाकल्या की आकड्यांची बेरीज होते, ही यातली सर्वांत सोयीची गोष्ट. या वेळी आईसाठी फोल्डिंगची खाट, तिच्यावर आर २ ची घडीची फोम मॅट, तिच्यावर आर ४ ची फुगवायची मॅट आणि सगळ्यात वर तिची स्वतःची गोधडी. खाट आणली ती गुडघ्यांसाठी, पाय खाली सोडून उठता यावं म्हणून. पण खाटेमुळे ऊब मिळते असं समजू नका. खालून गार हवा वाहत राहते, त्यामुळे मॅट खाटेवरही लागतेच.

पहिल्या रात्री ती एकदाच उठली. पहाटे थर्मामीटरवर ६ अंश होतं. "पाठ गरम होती गं, नाक तेवढं गार पडलं होतं," एवढंच म्हणाली. दुसऱ्या रात्री कानटोपी चढवली.

पोचलो तो गुरुवार म्हणजे दिव्यांची अवस. हे मला आईनं गाडीत सांगितलं. ती कालनिर्णयचं पान फाडून पिशवीत घालून घेऊन आली होती. वणव्याच्या मुलखात तंबूंजवळ वाती लावायच्या नाहीत, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. मला वाटलं ती हिरमुसेल. तिनं दोन कंदील, सगळ्यांचे हेडलॅम्प आणि मुलांचे टॉर्च ओल्या फडक्यानं पुसून टेबलावर ओळीनं मांडले आणि प्रत्येकाला हळदकुंकवाचं बोट लावलं. कणकेत गूळ घालून दिवे केले, कुकरची शिटी काढून वाफवले आणि तूप सोडून वाढले. मुलांनी आपापला टॉर्च पूजेत असल्याचं मोठ्या गांभीर्यानं घेतलं. रात्री हेडलॅम्प शोधण्याची पळापळ या खेपेला एकदाही झाली नाही, कारण सगळे त्या ओळीतच परत ठेवले जात होते. हे मी कायमच्या यादीत घेतलं आहे.

अस्वलांसाठीच्या लोखंडी पेटीत, म्हणजे बेअर लॉकरमध्ये, फक्त खाणं ठेवून भागत नाही. वास येणारं सगळं त्यात जातं. आईच्या पिशवीतून व्हिक्स, खोबरेल तेल, खोकल्याच्या गोळ्या, सुपारीची डबी आणि उदबत्तीचा पुडा निघाला. ज्येष्ठ माणसं सोबत असतील तर त्यांच्या पिशव्या त्यांना विचारून, त्यांच्यासमोरच उघडा. मी परस्पर हात घालणार होते, मैत्रिणीनं थांबवलं. बरं झालं.

आता कुकर. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ८० टक्केच असतो आणि पाणी ९४ अंशांच्या आसपास उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजवायचा नाद सोडा. गॅस संपतो, डाळ तशीच राहते. कुकरलाही थोडी झळ बसते. शिटीचं वजन बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक इतकाच जास्त दाब आत धरतं. बाहेरचा दाब उतरला की आतला एकूण दाबही तेवढाच उतरतो, म्हणून आतलं तापमान घरच्यापेक्षा तीनेक अंश कमी. माझ्या तीन लिटरच्या कुकरचा हिशेब असा निघाला: घरी तीन शिट्यांत होणारी तूरडाळ इथे न भिजवता सहा शिट्यांनंतरही कणीदार राहिली. तासभर भिजवली तेव्हा पाच शिट्यांत मऊ झाली. मसालेभाताला दोनाऐवजी तीन शिट्या. मुगाची डाळ मात्र भिजवून चारात अगदी लोणी. शनिवारी पिठलं आणि तव्यावर भाकरी केली. वाऱ्यानं एका बाजूची आच पळत होती, तेव्हा शेगडीच्या तीन बाजूंना पत्र्याचा आडोसा लावला आणि भाकरी फुगली. नऊ जणांना तीन दिवसांत प्रोपेनची चार हिरवी नळकांडी लागली. शुक्रवारी श्रावण लागला, त्यामुळे अंडी परत घरी गेली आणि सकाळी पोहे झाले.

फिरण्याबद्दल थोडक्यात, पण एक जागा थांबून सांगण्यासारखी आहे. शुक्रवारी आईला डेव्हास्टेटेड एरियाच्या सपाट, छोट्या वाटेवर नेलं. लासेन शिखराचे उद्रेक १९१४ ते १९१७ चालले; त्यात २२ मे १९१५ चा स्फोट सर्वांत मोठा. त्या उद्रेकांत वरून वाहत आलेले दगड अजून तिथे पडलेले आहेत. आई भूगोल शिकवायची. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट तिनं वर्गात तीसएक वर्षं हातात धरून दाखवला, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. इथला दगड राखाडी, खरबरीत, डेसाइट जातीचा. "हा तर माझ्या आजोबांपेक्षा लहान," म्हणत तिनं त्यावर तळवा टेकवला आणि बराच वेळ काढला नाही. मुलं तिच्याभोवती बसली आणि तिनं अर्धा तास वर्ग घेतला. आमचा तंबू जिथे होता तो मॅन्झनिटा तलावही अशाच पडझडीतून झालेला: साधारण साडेतीनशे वर्षांपूर्वी केऑस क्रॅग्जचा कडा ढासळला आणि त्या दगडांनी ओढा अडवला. "म्हणजे महाराजांच्या काळात," हे मुलांना लगेच कळलं.

त्या रस्त्यावर २०२१ च्या डिक्सी वणव्यात जळालेली झाडं काळ्या काठ्यांसारखी उभी आहेत. पार्कचा साधारण दोन-तृतीयांश भाग त्यात होरपळला. ते पाहिल्यावर वाती न लावल्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही.

शनिवारी आई आणि मैत्रिणीचा धाकटा तलावाकाठी राहिले, बाकीचे बंपस हेलला गेलो. जाऊन-येऊन तीन मैल. पण सुरुवातच आठ हजार फुटांच्या वर असल्यानं दम लागतो. दोन रात्री खाली काढून मग गेलो ते योग्यच झालं. खाली फुसफुसणारी वाफ आणि उकळता चिखल लाकडी वाटेवरून पाहायचा. बंपस नावाच्या ज्या माणसाच्या नावानं ही जागा ओळखली जाते, त्याचा पाय १८६५ मध्ये असाच पातळ कवच फुटून आत गेला आणि पुढे तो कापावा लागला. मुलांना वाटेवरून उतरू नका म्हणून मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

अवसेच्या जवळच्या रात्री असल्यानं आकाश काळंभोर होतं. दक्षिणेला वृश्चिक, त्यातली तांबूस ज्येष्ठा, खाली मूळची नांगी आणि तिथून वर सरकत गेलेली आकाशगंगा. खुर्च्या कलंडून, हेडलॅम्प बंद करून सगळे बसलो होतो.

दुरुस्तीची नोंद: शनिवारी संध्याकाळी वाऱ्यात मोठ्या तंबूची एक काठी चिरली. नळीचा जोड चढवून दोन्हीकडून चिकटपट्टी गुंडाळली, रात्र निभावली. एकाऐवजी दोन जोड जवळ ठेवायचे. वरचं आच्छादन गच्च बंद केल्यानं पहिल्या सकाळी आतून थेंब गळले. नंतर दोन्ही खिडक्या बोटभर उघड्या ठेवल्या, तेव्हा गोधडी कोरडी राहिली.

शेवटच्या रात्री अडीचला मला जाग आली. सवयीनं आईच्या खाटेकडे कान दिला. ती घोरत होती. साडेसहाला उठून तिनं स्वतःच शेगडी पेटवून चहा टाकला आणि विचारलं, पुढच्या वेळी बाबांनाही आणलं तर दुसरी खाट मावेल का. तंबू मोजला आहे. मधला पडदा काढला तर मावते.