श्रावणी सोमवार आणि निळ्या गोळ्या

"म्याडम, गोळ्या खाऊन पोरी पडायल्यात." फोनवर शाळेतले सर होते आणि त्यांच्यामागून रडण्याचा गलका ऐकू येत होता. किती, म्हटलं. "दहा-बारा असतील." सिस्टरना ट्रे लावायला सांगेपर्यंत पहिला टेम्पो आवारात शिरला, आणि त्या एका टेम्पोतच वीसच्या वर मुली होत्या.

मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते. खाटा सहा. त्यांवर दोन-दोन, तीन-तीन मुली झोपवल्या, उरलेल्या व्हरांड्यात सतरंजीवर.

गोळ्या म्हणजे लोहाच्या निळ्या गोळ्या. 10 ते 19 वर्षांच्या मुलामुलींना शाळेत आठवड्यातून एक देतात. तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. आमच्याकडे वार ठरलेला, सोमवार. देशात 15 ते 19 वयाच्या दर शंभर मुलींमागे 59 जणींना रक्तक्षय आहे असं 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आलं होतं. आमच्या गावांत तर सर्वेक्षणाचीही गरज नव्हती, पापणी खाली ओढून पाहिलं की कळायचं.

पण त्या क्षणी माझ्या डोक्यात गोळी नव्हतीच, फवारणी होती. ऑगस्टचा महिना, कापसावर औषध मारणं जोरात चालू, घरोघरी डबे उघडे. खिचडीत, पाण्याच्या टाकीत, कशातही काही गेलं असेल तर? म्हणून आधी बॅटरी घेऊन प्रत्येकीच्या डोळ्यातली बाहुली पाहिली. फवारणीच्या विषात ती अगदी बारीक होते, तोंडाला लाळ सुटते, अंग घामाने निथळतं, नाडी बहुधा मंद पडते. इथे बाहुल्या नीट, तोंडं कोरडी, नाडी मात्र धावत होती. ऑक्सिजन 98, 99. छातीत काही नाही. श्वास मात्र सगळ्यांचे भरभर.

एका मुलीचे हात वाकडे झाले होते. अंगठा तळव्यात ओढलेला, बोटं ताठ आणि एकमेकींना चिकटलेली. तिची आई "लकवा मारला ओ माझ्या लेकराला" म्हणून ओरडत होती आणि त्या ओरडण्यासरशी शेजारच्या खाटेवरची मुलगी धापा टाकू लागली. भरभर श्वास घेतला की शरीरातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्ताचा आम्लपणा घटतो, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं. मग ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं आखडतात. मी त्या मुलीच्या उशाशी बसले. "माझ्याबरोबर श्वास सोड. घेऊ नको, नुसता सोड. हळू." आईला म्हटलं, तुम्हीही सोडा. दहाएक मिनिटांत बोटं उलगडली. सलाईन नाही, इंजेक्शन नाही. पोरीचा हात आपल्या हातात मोकळा होताना त्या माउलीने पाहिला, आणि पुढे दिवसभर तीच इतर आयांना समजावत फिरत होती.

यात ढोंग नव्हतं. आमचाच एक कर्मचारी "नाटकं करायल्यात पोरी" असं सगळ्यांदेखत म्हणाला तेव्हा त्याला बाजूला नेऊन गप्प केलं. उलटी खरी होती, आखडलेली बोटं खरी होती. आईसमोर तिच्या मुलीला नाटकी ठरवलं असतं तर ती उठून थेट खाजगी दवाखान्यात गेली असती आणि तिथे हाताला सलाईन लागल्यावर विषबाधा झाल्याची तिची खात्रीच पटली असती.

एव्हाना एक गोष्ट लक्षात येत होती. त्याच पाकिटातल्या गोळ्या मुलांनीही खाल्ल्या होत्या. टेम्पोतून मुलगा एकही आला नव्हता. मुलींमध्येही सहावी-सातवीच्या थोड्या, नववीच्या जास्त, आणि त्या बहुतेक एकाच वर्गातल्या. 108चा भोंगा वाजला की बऱ्या झालेल्या दोघी-तिघी पुन्हा आडव्या व्हायच्या. त्यामुळे उपचाराचं अर्धं काम खाटांची जागा बदलणं हेच होतं. सावरलेल्या मुलींना सिस्टरच्या क्वार्टरच्या ओसरीवर नेलं, घाबरलेल्यांना एकमेकींचे चेहरे दिसणार नाहीत असं बसवलं, ओआरएस पाजलं, बिस्किटं दिली. गेटवर जमादार उभा केला. गावचे एक पुढारी मोबाईल पुढे धरूनच आत आले. ऑक्सिजन का लावत नाही, म्हणाले. त्यांना सांगितलं, एकीला मास्क लावला तर बाकीच्या दहा जणींना लावावा लागेल. त्यांना ते पटलं नाही. व्हिडिओ मात्र गावभर झाला.

सुरुवात कुठून झाली ते दुपारी कळलं. नववीची मॉनिटर, सगळ्या पोरींत हुशार. सोमवारचा कडक उपवास, सकाळी घोटभर चहा. श्रावणी सोमवारची शाळा अर्धीच, लवकर सोडायची म्हणून गोळ्या खिचडीच्या आधी वाटलेल्या. रिकाम्या पोटी लोह गेलं की मळमळतं, क्वचित उलटी होते. तिला झाली, भर वर्गात. नळापाशी कुणीतरी म्हणालं, गोळ्या जुन्या होत्या. मॉनिटरच पडली म्हटल्यावर मग बाकीच्यांचं काय!

गोळ्यांची मुदत शिल्लक होती. पाकीट, बॅच क्रमांक आणि शाळेने राखून ठेवलेला खिचडीचा नमुना तालुक्याला पाठवला. रात्री केंद्रात तिघी उरल्या. त्यातल्या दोघी आईबापांच्या हट्टापायी, आणि ही मॉनिटर.

पुढच्या सोमवारी एकाही मुलीने गोळी घेतली नाही. शाळेत पालकसभा घेतली, मी सगळ्यांसमोर गोळी गिळून दाखवली. एक आजी म्हणाल्या, "तू डाक्टरीण हाईस, तुला पचतंय!" सभा हसली आणि विषय तिथेच बारगळला. फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टींनी. श्रावणापुरता वार मंगळवार केला. खिचडी खाल्ल्याशिवाय गोळी नाही, आजारी असेल त्याला नाही, हे मुख्याध्यापकांनी फळ्यावर लिहूनच टाकलं. शौचाला काळं होईल, घाबरू नका, हे आधीच सांगितलं. हे न सांगितल्यामुळे किती गोळ्या खिडकीबाहेर जातात ते शाळेमागचं गवतच जाणे. आणि आशाताईंची लेक त्याच नववीत होती. तिने पहिली गोळी घेतली. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत निम्म्याहून जास्त मुली परत घेऊ लागल्या. बाकीच्या मुठीत धरून नेत असाव्यात.

मॉनिटरचं हिमोग्लोबिन 8.6 निघालं. म्हणजे तिला आठवड्याला एक नाही, रोज दोन गोळ्या लागणार, निदान तीन महिने. तिचे वडील समोर बसले, हात जोडले. "त्या निळ्या सोडून काय बी द्या. बाहेरची लिहून द्या." लोह तेच आहे, इथे फुकट मिळतंय, बाहेर पैसे जातील, सगळं सांगून पाहिलं. ते हलेनात. शेवटी कागदावर लिहून दिलं, वर ठळक अक्षरांत 'जेवणानंतर'. तालुक्याच्या मेडिकलमधून त्यांनी लाल वेष्टनातल्या महागड्या गोळ्या आणल्या आणि रोज रात्री भाकरी झाल्यावर स्वतःच्या हाताने पोरीला दिल्या. दोन महिन्यांनी आकडा 10.7 आला. "बघा म्याडम," ते म्हणाले, "तुमच्या गोळीत दमच नव्हता."

मी केसपेपरवर 10.7 लिहिलं आणि आणखी एका महिन्याच्या गोळ्या लिहून दिल्या, बाहेरच्याच.