‘मिक्स्ड डाएट’ म्हणजे काय गं?

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. सोलापुरात या दिवसांत सकाळी दहालाच वॉर्डाच्या भिंतीला हात लावला तर चटका बसतो. दोन कूलरपैकी एकाचा पंप गेलेला, म्हणून सगळ्या आया चालू कूलरसमोर पोरं घेऊन बसलेल्या. माझ्यामागे एमबीबीएसचे सहा विद्यार्थी, आणि केस प्रेझेंट करणार होती अकोल्याकडची एक मुलगी. अभ्यासू, पण तोंडपाठ बोलणारी.

“चार वर्षं दोन महिन्यांचा मुलगा, मॅडम. वजन 9.9 किलो, उंची 90 सेंटिमीटर, दंडाचा घेर 11.3. अधूनमधून पातळ शी, पोट फुगतं, भूक नाही. हिमोग्लोबिन 6.4. लिव्हरचं एसजीपीटी थोडं वाढलंय, 96. डाएट हिस्टरी, मिक्स्ड डाएट.”

“मिक्स्ड डाएट म्हणजे काय गं?”

“म्हणजे… व्हेज, नॉनव्हेज दोन्ही.”

“सिमेंट-वाळू कालवल्यागत कालवून देतात का? काल सकाळपासून आत्तापर्यंत पोटात काय गेलं ते सांग.”

तिला सांगता येईना. हा माझा जुना राग आहे. मुलांच्या पोटाच्या, लिव्हरच्या आणि कुपोषणाच्या केसेस आमच्याकडे मीच शिकवते. वेगळा विभाग नाही, मला आवड आहे म्हणून त्या माझ्या गळ्यात पडल्या. इतक्या वर्षांत हजारो केस पेपर वाचले असतील. लिव्हर किती बोटं लागतं हे पोरं अचूक लिहितात आणि आहाराच्या रकान्यात ते दोन शब्द टाकून पुढे जातात. पोटाच्या डॉक्टरला पोटात काय जातं हेच ठाऊक नसेल तर बाकीचं काय करायचं?

सगळ्यांच्या डोक्यात टीबी होता. पोट फुगलेलं, हातपाय काड्या झालेलं पोर दिसलं की आमच्याकडे आधी टीबीच आठवतो, आणि ते चूकही नाही. टीबीची मॉन्टू चाचणी, एक्स-रे, शौचाची तपासणी, एचआयव्ही, सगळं करून झालं होतं. काही सापडलं नव्हतं. एसजीपीटी बघून एकाने हिपॅटायटिस सुचवला. पण कावीळ नाही, लिव्हर मऊ, तेही कसंबसं एक बोट. तीन महिने लोहाचं औषध चालू होतं, तरी हिमोग्लोबिन हलत नव्हतं. त्या मुलीला म्हटलं, बस आईजवळ आणि विचार.

आई विड्या वळायची. हाताला तंबाखूचा वास, नजर सारखी खाली. वडील यंत्रमागावर टर्किश टॉवेल विणतात. मूळचे मंगळवेढ्याकडचे, सहा वर्षांपूर्वी कामासाठी सोलापुरात आलेले. मुलगी विचारत गेली तशी यादी बाहेर आली. सकाळी चहात बुडवून ग्लुकोजची बिस्किटं, नाहीतर खारी. दुपारी डाळीत कुस्करलेली चपाती, संध्याकाळी पाच रुपयांच्या पुड्यातल्या नूडल्स, रात्री पुन्हा चपाती. “रेशनवर गहू मिळतोय, ज्वारी कुठं परवडती?” आई म्हणाली. ज्वारीचं कोठार म्हणवणाऱ्या तालुक्यातलं हे घर, आणि ज्वारी त्यांना गव्हाहून महाग.

खाटेच्या पायथ्याशी फरशीवर मुलाची आजी बसली होती. मिश्री लावून, पदर डोक्यावर, इतका वेळ गप्प. आता तिला राहवेना.

“चपातीच बाधती त्येला. म्या सांगून दमले.”

“आत्या, गप बसा की. डॉक्टर विचारत्याती.” सुनेने सासूला दटावलं.

“मला बी विचारू द्या की!” आजी सरकून पुढे आली. “दिवाळीच्या अंगी घिऊन गेल्ते मी गावाला. दोन म्हयनं व्हता माज्यापशी. भाकरी-दूध, भाकरी-पिठलं, पुढं हुरडा. प्वाट सपाट झालं, पळाया लागला. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रंला हिकडं आणला, आन तीन आठवड्यात पुन्ना ढोल.”

एक विद्यार्थी हसला. मला मात्र हसू आलं नाही. आईच्या उशाशी एका साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी होती. तिच्यात जुने कागद, हळदीचे डाग पडलेले, घडीवर फाटायला आलेले. त्यात ऑक्टोबरचं डिस्चार्ज कार्ड होतं. तेव्हा हाच मुलगा आमच्या पोषण कक्षात होता. दूध, साखर, मुरमुऱ्याचं पीठ आणि तेल घालून केलेल्या आहारावर, नंतर खिचडीवर, त्याचं वजन छान वाढलं होतं. कार्डावर खाली घरच्या आहाराचा सल्ला: दुधात कुस्करलेली चपाती, रव्याची खीर, शिरा, बिस्किटं. अक्षर माझं. सहीही माझीच.

ते कार्ड मी पोरांच्या हातात दिलं. लपवण्यात काय अर्थ होता?

“मॅडम, सीलिएक?” अकोल्याची हळूच म्हणाली. “पण तो तर पंजाब-हरियाणाकडचा ना?”

सीलिएक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याचा आजार. प्रश्न रास्त होता. उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो, दक्षिणेकडे फारच कमी. आपल्याकडे तो मनात येत नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या इथल्या ताटात ज्वारी. पण जनुकांत कल असेल आणि ताटात गहू आला, तर शरीर जिल्ह्याची हद्द बघत बसत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, मका आणि तांदूळ यांत ग्लूटेन नाही. गहू, जव आणि राय हे विलायती धान्य यांत आहे. ग्लूटेन म्हणजे काय हे पोरांना पुस्तकातून कळतं, पण त्या दिवशी मी ते आजीलाच विचारलं: भाकरी लाटत का नाहीत?

“लाटंल कशी? फाटतीया न्हवं. ज्वारीला विरी असती तोवर थापायची, ती बी आधणाच्या पाण्यात मळून. गव्हाचं कसं, वडावं तेवढं वाढतंय.”

जे ओढलं की वाढतं तेच ग्लूटेन. पोरांनी वहीत लिहून घेतलं. नंतर चहाच्या वेळी मी त्यांना डिकी या डच बालरोगतज्ज्ञाची गोष्ट सांगितली. त्याला आधीपासून गव्हाची शंका होती. 1944-45च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार पडली, पाव मिळेना. बाकी लोक खंगत असताना सीलिएक असलेले मुलगे-मुली मात्र सुधारले, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडले. 1950 मध्ये त्याने त्यावर प्रबंध लिहिला. आजीने तेच दिवाळी ते गड्डा एवढ्यात करून दाखवलं होतं. प्रबंध तेवढा लिहिला नव्हता.

यानंतरचा आठवडा सगळ्यात अवघड गेला. पोरांना वाटलं, आता गहू बंद केला की झालं. मी म्हटलं, नाही. गहू थांबवला की रक्तातली प्रतिपिंडं उतरायला लागतात, आतडं भरून यायला लागतं, आणि मग तपासणी काहीच धड सांगत नाही. हा पथ्याचा आजार जन्मभराचा. लग्नात, शाळेत, नोकरीत, कुठेही एक घास चालणार नाही. एवढी मोठी गोष्ट ‘वाटतंय’ म्हणून कुणाच्या गळ्यात बांधायची नाही. आधी रक्तातल्या त्या प्रतिपिंडांच्या तपासण्या, टीटीजी आणि टोटल आयजीए, मग दुर्बिणीतून आतड्याचे तुकडे. तोवर रोज एक चपाती चालू ठेवायची. एका मध्यम चपातीत साधारण तीन ग्रॅम ग्लूटेन असतं, तेवढं पुरतं.

आजीला हे सांगायचं काम मी विद्यार्थ्यांवर सोडलं नाही.

“बाधतंय म्हंता, आन वर खायाला बी घालता?” आजी उभी राहिली. “ह्यो कसला दवाखाना म्हणायचा?”

तिच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. समजावताना माझा आवाज दोनदा चढला, याची आजही लाज वाटते. शेवटी मुलाच्या वडिलांनी मिटवलं. रात्रपाळी करून आलेले, केसांत कापसाची पिंजर. मी त्यांना म्हटलं, तुम्ही टर्किश टॉवेल विणता ना? त्याला ते बारीक लूप असतात म्हणून तो पाणी टिपतो. लहान आतड्याला आतून तसेच लूप असतात, अन्न टिपून घ्यायला. तुमच्या मुलाचे ते झिजले असावेत. म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही, लोहाचं औषधही नुसतं खाली निघून जातं. ते झिजलेत का, हे आत बघून खात्री करायची आहे.

त्यांनी क्षणभर विचार केला. “म्हणजे टॉवेलाची चादर झाली.”

विलस अ‍ॅट्रॉफी, म्हणजे हे लूप झिजणं, मी आजवर फळ्यावर आकृती काढून शिकवत आले. आता टॉवेल आणि चादर घेऊन जाते.

टीटीजी नॉर्मलच्या दहापटीहून वर आला. आधी रक्त चढवलं, अगदी सावकाश, कारण इतक्या कुपोषित मुलाचं हृदय घाईचं रक्त पेलत नाही. मग शहरातल्या एका गॅस्ट्रोच्या डॉक्टरांनी एंडोस्कोपी करून दिली. सहाही विद्यार्थी पडद्यासमोर उभे होते. आतड्याच्या घड्या विरळ, कडा कातरल्यासारख्या. कुणी काही बोललं नाही. बायोप्सीत मार्श 3 आलं, म्हणजे लूप खरंच झिजलेले. त्या संध्याकाळी चपाती बंद झाली. आजीने दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गावाकडून भाकरी मागवल्या. वॉर्डातल्या दोन सिस्टरनाही त्यातली अर्धी-अर्धी मिळाली.

घरी सोडण्याआधी पथ्याची यादी करायला मी विद्यार्थ्यांना बसवलं. इंटरनेटवरून उतरवलेली यादी आणली तर परत पाठवीन, असं बजावलं होतं. तरी पहिल्या मसुद्यात पास्ता, पिझ्झा, ओट्स आणि बिअर आलंच. विडी कामगाराच्या चार वर्षांच्या पोराला बिअर! मी कागद परत दिला. दुसऱ्या वेळी ते आईबरोबर दोन तास बसले. मग रवा, मैदा, शेवया, खारी, टोस्ट, शंकरपाळी, पुरणपोळी, सातूचं पीठ असं एकेक आलं. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरातला एक मुलगा त्यांच्यात आहे. त्याने हिंग घातलं. त्याच्या घरच्या हिंगाच्या डबीवर घटकांत गव्हाचं पीठ छापलेलं होतं, ते त्याने घरी जाऊन पाहिलं होतं. मला हिंग सुचलं नव्हतं, हे कबूल करते. चालणाऱ्या गोष्टींत शेंगाचटणी, कडक भाकरी, भगर, साबुदाणा, मुरमुरे, भाताची पेज. ही यादी बघून आई पहिल्यांदा हसली. म्हणाली, “हे तर आमचंच जेवण हाय.”

फक्त ते परवडायचं कसं, याचं उत्तर आमच्या यादीत नव्हतं. आजीने ते काढलं. ती गावाहून ज्वारीचं पोतं घेऊन लेकाकडेच राहायला आली.

ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा दाखवायला आला. वजन 13.2, उंची 95, हिमोग्लोबिन 11. एसजीपीटी कुठलंही लिव्हरचं औषध न देता नॉर्मल. ओपीडीतल्या टेबलाखाली शिरून त्याने माझी चप्पल पळवली. टीटीजी उतरला होता, पण माझ्या अपेक्षेइतका नाही. सहा महिन्यांत तो नॉर्मल व्हायलाच हवा असं नाही, वर्ष-दोन वर्षंही लागतात. तरी गहू कुठून तरी जातोय का, हे बघणं भाग होतं. नव्या बॅचच्या एकाने लगेच निकाल दिला, “लपून खात असणार.” आईने देवाची शपथ घेतली. बिस्किटाचा पुडा घरात आणला नव्हता.

अकोल्याकडच्या मुलीची पोस्टिंग केव्हाच दुसऱ्या विभागात गेली होती. तारीख लक्षात ठेवून ती आली होती. ती आजीजवळ बाकावर बसली.

“आजी, दळण कुठं देता?”

“कुटं म्हंजे? गिरणीत. कोपऱ्यावर.”

“तुमच्या आधी कुणाचं दळण असतं?”

आजीने कपाळाला हात लावला. “गव्हाचं की गं बाई. सगळ्या आळीचा गहूच आस्तोय. त्येच्या मागनं माजी ज्वारी वततोय. पयल्या दोन मुठी पांढऱ्या निगत्याती, मला वाटायचं पीठ झ्याक पडतंय.”

सकाळी गिरणी उघडल्यावर झाडूनपुसून पहिलं दळण यांचं घ्यायला सांगू, असं मी म्हणत होते. आजीचं लक्षच नव्हतं. ती मुलाच्या वडिलांना विचारत होती, “गावाकडं जातं पडलंय आपलं. येस्टीत घिऊ देत्याल का रं?”