नवा टॉवेल पाणी का ओढत नाही?

सोलापूरला राहतो म्हटलं की पाहुण्यांची ऑर्डर ठरलेलीच, येताना चादरी आण आणि टॉवेल पण आण. मग थोड्या दिवसांनी फोनही ठरलेला, "अरे दिसायला झकास आहे पण अंगावरचं पाणी नुसतं इकडचं तिकडं होतंय, कापूसच आहे ना?" कापूसच असतो हो, भानगड पृष्ठताणाची असते, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा स्वतःला आक्रसून धरतो त्याची.

कोऱ्या टॉवेलवर पाण्याचा एक थेंब सोडा आणि डोळे जवळ नेऊन बघा. गोल गोळी होऊन लूपच्या टोकांवर बसून राहतो, टॉवेल हलवला की घरंगळतो. पाण्याचे रेणू एकमेकांना जाम धरून असतात, पाण्याचा पृष्ठताण अल्कोहोलच्या तिपटीहून जास्त आहे. त्यात कापसाच्या धाग्यावर मुळात थोडं मेण असतं, ते कारखान्यात धुऊन काढतात पण शेवटी हाताला मऊ लागावं म्हणून सॉफ्टनर मारतात, आणि असल्या तेलकट थराशी पाण्याचं जमत नाही, मग ते स्वतःतच आक्रसून बसतं.

आता तोच टॉवेल दोनचारदा धुतल्यावर परत थेंब टाका, टेकतो न टेकतो तोच गायब! गंमत म्हणजे पाण्याचा ताण होता तेवढाच आहे, पण आता धागा उघडा पडलाय आणि कापसाला पाणी आवडतं, त्यामुळं थेंबाची कड धाग्याला चिकटून पुढं सरकते आणि हाच पृष्ठताण मागचं पाणी ओढून आणतो. फट जितकी बारीक तितकी ओढ जास्त. 1 मिमी व्यासाच्या स्वच्छ काचनळीत पाणी साधारण 3 सेंमी चढतं, 0.1 मिमीच्या नळीत 30 सेंमी, आणि टॉवेलच्या पिळात तर असल्या बारीक फटी किती असतील मोजदाद नाही. म्हणून तर टॉवेलचं एक टोक बादलीत आणि दुसरं बाहेर पाण्याच्या पातळीखाली लोंबत राहिलं की रात्रभरात फरशीवर थारोळं होतं, बादली गळकी नसते.

तर पहिल्या धुण्याला कोमट पाणी घ्या, पावडर बेताची टाका आणि भरपूर खळबळा. साबण पाण्याचा ताण निम्म्याहून खाली आणतो, त्यामुळं पाणी त्या तेलकट थरातून आत शिरतं आणि थर सुटायला लागतो. मिठाच्या पाण्यात भिजवा म्हणणारे खूप भेटतात, पण मिठानं तेलकटपणा कसा निघणार? आणि वासाचं कंडिशनर साड्यांना घाला, शर्टांना घाला, टॉवेलला नको, नाहीतर धुऊन काढलेला थर तुम्हीच परत चढवताय आणि वर फोन मला करताय.